सोशल सिक्युरिटीच्या डिसॅबिलिटी सुनावणीची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे (सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडे) आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून डिसॅबिलिटीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, फेरविचारातही नकार आला आणि आता न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे, अशा मराठी घरांसाठी हे पान आहे. मी वकील नाही. माझ्या दिरांच्या सुनावणीची तयारी आम्ही घरच्या जेवणाच्या टेबलावर केली. त्यानंतर ओळखीच्या काही कुटुंबांचे कागद लावायला बसले. त्या सगळ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे घेतले आहेत.

दोनदा नकार आला. आता काही उपयोग आहे का?

आहे. पहिला अर्ज आणि फेरविचार हे दोन्ही टप्पे राज्याच्या कचेरीत कागद वाचून निकाली निघतात. ज्यांनी तुमची फाइल वाचली त्यांनी बहुतेक वेळा तुम्हाला पाहिलेलंही नसतं. निर्णय घेणारा माणूस तुमच्याशी समोरासमोर बोलतो, तो पहिल्यांदा सुनावणीतच.

मात्र मुदत पाळा. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत सुनावणीची मागणी करावी लागते. पत्रावरच्या तारखेनंतर ५ दिवसांनी ते तुमच्या हाती पडलं असं धरतात. त्यासाठीचा फॉर्म एचए-५०१, तो ऑनलाइनही भरता येतो. मुदत टळलीच, तर उशीर का झाला ते लेखी कळवा. हॉस्पिटलात असणं किंवा घरातला मृत्यू अशी सबळ कारणं ऐकून घेतली जातात.

नकारानंतर खचून जाऊन बरेच जण काही महिने पत्र कपाटात ठेवतात आणि मग नव्यानं अर्ज करतात. असं करू नका. नवा अर्ज केला की जुन्या अर्जाची तारीख बहुधा हातची जाते आणि तिच्याबरोबर थकबाकीही, म्हणजे मधल्या काळाचे तुम्हाला मिळायचे पैसे.

सुनावणी म्हणजे कोर्टच ना? फार भीती वाटते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण इथे समोर सरकारी वकील नसतो. तुम्हाला खोटं पाडायला कुणी उभं राहत नाही. खोली लहान, बैठकीच्या खोलीसारखी. न्यायाधीश, रेकॉर्डिंग सांभाळणारी व्यक्ती, तुम्ही, तुमचा प्रतिनिधी (बहुधा वकील), गरज असेल तर दुभाषी आणि बहुतेक वेळा एक व्यवसायतज्ज्ञ, म्हणजे कुठल्या नोकरीत काय करावं लागतं ते सांगणारा जाणकार. कधी वैद्यकीय तज्ज्ञही असतो. हे तज्ज्ञ अनेकदा फोनवरून बोलतात. बाहेरच्या लोकांना आत सोडत नाहीत. तुम्हाला शपथ देतात, सगळं बोलणं रेकॉर्ड होतं आणि साधारण अर्ध्या ते एका तासात काम संपतं.

तारखेची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते. सुनावणी प्रत्यक्ष, व्हिडिओवर किंवा फोनवर होऊ शकते. व्हिडिओ किंवा फोन नको असेल, तर पद्धतीबद्दलची वेगळी नोटीस तारीख ठरण्याआधीच येते, ती मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या. माझं मत विचाराल तर, झेपत असेल तर प्रत्यक्ष जा, नाहीतर निदान व्हिडिओ घ्या. फोनवर तुमचं खुर्चीतून अर्धवट उठणं, हात चोळणं, वाक्य मध्येच तुटणं न्यायाधीशांना दिसत नाही. पण घराबाहेर पडणंच ज्यांना अशक्य आहे, त्यांनी फोन घ्यायला अजिबात संकोच करू नये.

ऑफिस ७५ मैलांहून लांब असेल तर प्रवासखर्च मिळू शकतो. नोटिशीत ते लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण!

न्यायाधीश नेमकं काय ठरवतात?

त्यांना ठरलेल्या क्रमानं पाच प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. तुम्ही सध्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमावताय का? (२०२५ साली ही मर्यादा दरमहा १,६२० डॉलर होती, अंधांसाठी २,७०० डॉलर.) आजार गंभीर आहे का आणि तो किमान १२ महिने टिकला आहे किंवा टिकणार आहे का? सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीतल्या निकषांत तो बसतो का, किंवा त्यांच्या तोडीचा आहे का? नसेल बसत, तर गेल्या पाच वर्षांत केलेलं काम तुम्ही आजही करू शकाल का? आणि ते जमणार नसेल, तर दुसरं कुठलं काम जमेल का?

पूर्वी मागच्या १५ वर्षांतलं काम धरत. जून २०२४ पासून ५ वर्षांचंच धरतात. बारा वर्षांपूर्वी बसून केलेल्या एखाद्या सोप्या नोकरीवरून आता तुमचा अर्ज अडत नाही.

बहुतेक केसेसचा निकाल शेवटच्या दोन प्रश्नांवर लागतो. तिथे आजाराच्या नावाला फारसं महत्त्व उरत नाही. आठ तासांच्या दिवसात तुम्ही किती वेळ बसू शकता, किती उभे राहता, किती वजन उचलता, किती वेळ लक्ष टिकतं, महिन्यातून किती दिवस अंथरुणाला खिळता, हे मोजलं जातं. ‘बैठं काम’ म्हणजे त्यांच्या हिशेबात दिवसातले साधारण ६ तास बसणं, सुमारे २ तास उभं राहणं किंवा चालणं आणि जास्तीत जास्त १० पौंड उचलणं.

वयाचाही परिणाम होतो. पन्नाशी आणि नंतर पंचावन्न ओलांडलं की ‘आता दुसरं काम शिका’ असं म्हणणं नियमांनाच अवघड जातं. इंग्रजी येत नाही ही गोष्ट पूर्वी शिक्षणाच्या रकान्यात अर्जदाराच्या बाजूनं धरली जायची. २७ एप्रिल २०२० पासून ती धरत नाहीत. जुन्या सल्ल्यांवर विसंबून राहिलेली मंडळी इथे फसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आपल्या लोकांचं नुकसान सगळ्यात जास्त कशानं होतं?

‘बरं आहे’ या उत्तरानं.

आपल्याकडे कुणी कसं काय विचारलं की ‘बरं आहे’, ‘चाललंय’, ‘ठीक’ असंच म्हणायचं असतं. रडगाणं गाणाऱ्याला कुणी मान देत नाही. आयुष्यभराची ही सवय सुनावणीच्या दिवशी सुटत नाही. न्यायाधीश सहज विचारतात, “आज कसं वाटतंय?” आणि शपथेवर उत्तर जातं, “ठीक आहे.” हेच डॉक्टरांकडेही होत आलेलं असतं. दोन वर्षांच्या नोंदी उघडा. पेशंट म्हणतो ठीक आहे, पेशंट म्हणतो ठीक आहे, अशी रांग दिसेल. न्यायाधीशांनी ती फाइल आधी वाचलेली असते.

आमच्या घरी तयारीला बसलो तेव्हा मी दिरांना विचारलं, “भाऊजी, सलग किती वेळ बसवतं?” ते म्हणाले, “बसतो की. तासभर आरामात.” ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. मग मी त्यांना जेवणाच्या टेबलाच्या साध्या खुर्चीत बसवलं, मायक्रोवेव्हचं टायमर लावलं आणि त्यांच्या नोकरीबद्दल गप्पा काढल्या. बाराव्या मिनिटाला सगळा भार डाव्या कुल्ल्यावर गेला. पंधराव्या मिनिटाला दोन्ही तळहात सीटवर टेकवून त्यांनी अंग उचललं. एकोणिसाव्या मिनिटाला टेबलाची कड धरून ते उभे राहिले, आणि तरी बोलणं चालूच होतं. आपण उठलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. टायमर दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. त्यानंतर आम्ही आठवडाभर रोज मोजलं आणि आकडे वहीत लिहिले.

तुम्हीही मोजा. खुर्चीत, उभं राहून, चालताना. अंदाजानं सांगितलेला आकडा माणूस जवळजवळ नेहमीच स्वतःला हवा तसा सांगतो.

मग उत्तरं कशी द्यायची?

आकड्यांत आणि उदाहरणांत. “जास्त वजन उचलत नाही” यातून न्यायाधीशांना काहीच मिळत नाही. “दुधाचा गॅलन एका हातानं फ्रिजमधून काढता येत नाही, दोन्ही हात लावतो, आणि ओट्यापर्यंत नेल्यावर बोटांना मुंग्या येतात” यातून सगळं मिळतं. दुधाच्या भरलेल्या गॅलनचं वजन साडेआठ पौंडांच्या वर असतं, हे त्यांना ठाऊक आहे.

‘हो’ म्हणून थांबू नका. “स्वयंपाक करता का?” या प्रश्नाला एक ताई खरं तेच बोलल्या, “हो.” त्या ‘हो’च्या मागे काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कणीक नवरा मळतो, त्या स्टुलावर बसून तीन पोळ्या लाटतात, मग आडव्या होतात, उरलेल्या मुलगी करते, कुकर उचलून उतरवणं दोन वर्षांपासून बंद आहे. निकालपत्रात मात्र एवढंच आलं की अर्जदार घरचा स्वयंपाक करते. कपडे धुणं, गाडी चालवणं, दुकानात जाणं, नातवंडं सांभाळणं, देवळात जाणं, प्रत्येकाचं असंच होतं. काय करता, त्याला किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा थांबता, कोण मदत करतं आणि दुसऱ्या दिवशी काय होतं, इतकं सांगितलं म्हणजे उत्तर पूर्ण झालं.

बरे दिवस आणि वाईट दिवस वेगळे सांगा. महिन्यात वाईट दिवस साधारण किती आणि त्या दिवशी काय होतं? ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ हे शब्द टाळा. फाइलमध्ये एखादी उलट नोंद असतेच, आणि मग खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. वाढवून तर अजिबात सांगू नका. “दुखणं दहापैकी किती?” याला सरळ “दहा” म्हणणारे बरेच असतात. दहा म्हणजे आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा. रोजचं सहा असेल आणि वाईट दिवशी नऊ, तर तसंच सांगा.

प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. बसवत नसेल तर “मी थोडा वेळ उभा राहू का?” असं विचारून खुशाल उभे राहा. सभ्यपणा म्हणून कळ सोसत बसून राहिलात, तर चाळीस मिनिटं नीट बसलेला माणूस अशी तुमची नोंद होते.

इंग्रजी कामापुरतं येतं. दुभाषी मागावा का?

मागाच. दुभाषी मोफत मिळतो आणि तो मागितला म्हणून केस कच्ची होत नाही. दुकानात, ऑफिसात निभावणारं इंग्रजी वेगळं आणि मांडीतून पोटरीकडे जाणारी कळ सांगायचं इंग्रजी वेगळं. सुनावणीच्या मागणीच्या फॉर्मवरच भाषा लिहा: मराठी. ‘हिंदी चालेल’ असं लिहू नका. चालत नाही. वेदना आपण हिंदीत भोगलेल्या नसतात.

मुलाला किंवा सुनेला दुभाषी करण्याचा विचार सोडून द्या. न्यायाधीश तटस्थ दुभाषीच घेतात, आणि शौचाच्या तक्रारी मुलापुढे सांगताना माणूस निम्मं गिळतो.

दुभाषी चांगला असला तरी आपली भाषा थोडी निसरडी आहे. “मला चालवत नाही” म्हणजे इच्छा असूनही शरीर साथ देत नाही. “मी चालत नाही” म्हणजे मी चालायला जात नाही. घाईत पहिल्याचं दुसरं होतं आणि असमर्थतेची जागा आळस घेतो. ‘बसवत नाही’, ‘उचलवत नाही’, ‘जेववत नाही’ यांचंही तेच. म्हणून पुढे लगेच कारण आणि आकडा जोडा: “दोन ब्लॉकनंतर पाय बधिर होतो, पुढे चालता येत नाही.”

दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत! कळ, चमक, ठणका, आग, मुंग्या, शिणवटा. भाषांतरात या सगळ्यांचा मिळून ‘वेदना’ हा एकच शब्द उरण्याचा धोका असतो. चमक म्हणजे विजेसारखी क्षणभर, ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्यासारखा रात्रभर, असं एकेका वाक्यात फोडून सांगा. ‘पित्त झालं’ हे तर जपून वापरा. आपण अर्धशिशीलाही पित्तच म्हणतो, आणि दुभाषी ते ॲसिडिटी म्हणून पुढे पाठवतो. एका काकूंच्या फाइलमध्ये कित्येक वर्षांची मायग्रेन छातीतली जळजळ म्हणून नोंदलेली सापडली, ती अशीच. ‘वात आलाय’, ‘कसंतरी होतं’, ‘जीव घाबरा होतो’ यांच्यामागे नेमकं काय होतं, घाम येतो की छाती धडधडते की डोळ्यांपुढे अंधारी येते, ते आधी स्वतःशी स्पष्ट करा.

आणि ‘परवा’. परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी की मागे कधीतरी? महिना आणि वर्ष सांगा.

डॉक्टरांनी ‘हे काम करू शकत नाहीत’ असं पत्र दिलंय. पुरेसं आहे ना?

नाही. हा ठरवण्याचा अधिकार सोशल सिक्युरिटीचा आहे, डॉक्टरांचा नाही, म्हणून त्या वाक्याला जवळजवळ काहीच किंमत नसते. २७ मार्च २०१७ पासून केलेल्या अर्जांत तर नेहमीच्या डॉक्टरांच्या मतालाही आपोआप जास्त वजन मिळत नाही. मत तपासण्यांनी कितपत पेललेलं आहे आणि बाकीच्या फाइलशी कितपत जुळतं, हे पाहतात.

डॉक्टरांकडून मागायचं ते वेगळंच. हा पेशंट सलग किती मिनिटं बसू शकतो, दिवसात किती तास उभा राहू शकतो, कधीमधी किती पौंड आणि वारंवार किती पौंड उचलू शकतो, महिन्यातून अंदाजे किती दिवस गैरहजर राहील, आणि हे कशावरून, म्हणजे कोणत्या एमआरआयवरून, कोणत्या तपासणीवरून. यासाठी छापील फॉर्म असतात, वकील देतात. डॉक्टर व्यस्त असतात, चार मिनिटांच्या भेटीत हे भरत नाहीत. त्याच कामासाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्या आणि मोजलेल्या आकड्यांची वही बरोबर न्या.

कागद कोणते आणि कधी द्यायचे?

सगळे, आणि सुनावणीच्या किमान ५ कामकाजाच्या दिवसांआधी. एखादा रिपोर्ट तोवर हाती येणार नसेल, तर तो अमुक ठिकाणी आहे आणि मागवला आहे एवढं तरी त्या मुदतीत लेखी कळवा. ही मुदत चुकवली तर न्यायाधीश तो कागद न पाहताही निकाल देऊ शकतात. एखादं हॉस्पिटल रेकॉर्ड देतच नसेल तर न्यायाधीशांना समन्स काढायची विनंती करता येते, तीही किमान १० कामकाजाच्या दिवसांआधी.

सोशल सिक्युरिटीकडची तुमची स्वतःची फाइल आधी मागवून वाचा. तिच्यात दुसऱ्याचा रिपोर्ट घुसलेला असू शकतो, नोकरीच्या तारखा चुकलेल्या असू शकतात. पहिल्या अर्जाच्या वेळी दिनचर्येचा जो फॉर्म तुम्ही किंवा मुलानं घाईघाईत भरला होता, तो नीट वाचा. न्यायाधीश त्यातलंच वाक्य काढून विचारतात.

भारतातले उपचारही धरतात. तिकडे फाइल पेशंटच्या हातात असते, हे आपलं सुदैव. एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, सगळं स्कॅन करून द्या. वैद्यांच्या उपचारांची माहितीही द्या, मात्र आजार सिद्ध करायला परवानाधारक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ अशांच्याच नोंदी लागतात.

मध्ये उपचार थांबले असतील तर कारण सांगा. विमा गेला, पैसे नव्हते, औषधानं दिवसभर झोप यायची. परवडत नव्हतं हे वैध कारण आहे. सांगायला कमीपणा वाटतो म्हणून लोक गप्प राहतात आणि फाइल म्हणते की दीड वर्ष काही त्रासच नव्हता.

डिप्रेशनबद्दल बोलायचं का? घरात कुणाला नीट माहीत नाही.

बोला. सुनावणी बंद खोलीत असते आणि घरच्यांना बाहेर थांबायला सांगता येतं. मन आणि शरीर मिळून तुमचं काम करणं कितपत अडतं, हे न्यायाधीशांना एकत्र पाहावंच लागतं. मानसिक आजारात ते चार गोष्टी बघतात: समजणं आणि लक्षात ठेवणं, लोकांशी वागणं, एकाग्रता आणि कामाचा वेग टिकवणं, आणि बदलांशी जुळवून घेत स्वतःला सांभाळणं. म्हणजे “उदास वाटतं” एवढ्यावर न थांबता, चार दिवस आंघोळ होत नाही, गॅस चालू राहिला म्हणून मुलीनं स्वयंपाक बंद करायला लावला, फोन वाजला तरी उचलत नाही, हे सांगायचं.

जीव नकोसा वाटत असेल तर सुनावणीची वाट पाहू नका. ९८८ या नंबरवर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं. प्रतिनिधीलाही सांगा, अशा केसेस लवकर सुनावणीला घेण्याची सोय आहे. घर जाण्याची वेळ आली असेल, औषधाला किंवा जेवायला पैसे नसतील, तरीही तशी विनंती करता येते. भाडं थकल्याची नोटीस वगैरे पुरावा जोडा.

तो व्यवसायतज्ज्ञ कोण असतो आणि त्याला घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण ऐकायचं कान देऊन. न्यायाधीश त्याला काल्पनिक माणूस सांगतात: अमुक वयाचा, अमुक शिकलेला, दहा पौंड उचलणारा, वाकू न शकणारा. असा माणूस कुठलं काम करेल? तज्ज्ञ दोन-तीन कामांची नावं आणि देशभरातले आकडे सांगतो. कामांची माहिती तो कामगार खात्याच्या एका जुन्या कोशातून घेतो, ज्यात १९९१ नंतर भर पडलेली नाही. त्यातली शंभराहून जास्त कामं आता जवळजवळ उरलेलीच नाहीत, असं सोशल सिक्युरिटीनं २०२४ मध्ये मान्य केलं.

मग तुमच्या प्रतिनिधीची पाळी येते. त्याच काल्पनिक माणसाला महिन्यातून तीन दिवस यायला जमलं नाही तर? दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं पडावं लागलं तर? दिवसाचा पाचवा हिस्सा त्याचं लक्षच कामात नसेल तर? बहुतेक तज्ज्ञ इथे सांगतात की अशा माणसाला कुठलीच नोकरी टिकवता येणार नाही. केस अनेकदा या एका उत्तरावर जिंकली जाते. पण हे तीन दिवस आणि ही दहा मिनिटं तुमच्या साक्षीत आणि डॉक्टरांच्या फॉर्मवर आधीच आलेली असली, तरच त्या उत्तराचा उपयोग.

जुनी नोकरी सांगताना पदाचं नाव सांगून थांबू नका. दिरांचं पद ‘सुपरवायझर’ होतं. ऐकणाऱ्याला वाटतं टेबलखुर्चीचं काम. प्रत्यक्षात ते वेअरहाउसमध्ये दिवसभर उभे असत आणि चाळीस-पन्नास पौंडांची खोकी उचलत. हे स्पष्ट झालं नसतं, तर तुमचं जुनं काम बैठं होतं, तेच करा, असं म्हणायला वाव होता.

वकील करावा का? परवडेल का?

करावा, आणि आधी काही द्यावं लागत नाही. जिंकलात तर थकबाकीच्या २५ टक्के किंवा ठरलेली कमाल मर्यादा (नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ९,२०० डॉलर केली), यांतली जी रक्कम कमी असेल ती फी. सोशल सिक्युरिटी ती परस्पर कापून देते. हरलात तर फी नाही. रेकॉर्डच्या प्रतींचा खर्च वेगळा घेतात का, ते सही करण्यापूर्वी विचारा. सुनावणीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा फोन करणारा वकील नको. निदान दोन आठवडे आधी तुमच्याशी बसून प्रश्नोत्तरं करणारा बघा.

मध्ये भारतात जाऊन आलो. ते लपवू का?

कधीही नाही. तारखा त्यांना कळू शकतात. सोळा तासांचा विमानप्रवास कसा केला, हे सांगायची तयारी ठेवा: व्हीलचेअर घेतली होती का, किती वेळा उठलात, पोचल्यावर किती दिवस अंथरुणात होतात, आईच्या आजारपणासाठी जावंच लागलं का. फेसबुकवर लग्नातला हसरा फोटो असेल तर त्याचीही अशीच गोष्ट तयार असू द्या, म्हणजे खरी असेल ती. डिसॅबिलिटीच्या दोन योजनांपैकी गरजेवर चालणारी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची एसएसआय मिळत असेल तर ३० दिवस सलग देशाबाहेर राहिल्यावर ती थांबते, हेही ध्यानात असू द्या.

भारतातली नोकरीची वर्षं धरतात का?

नाही. दोन देशांत तसा करार नाही. दुसऱ्या, म्हणजे कामावर आधारलेल्या योजनेसाठी अमेरिकेत भरलेला सोशल सिक्युरिटी करच मोजतात. साधारणपणे एकूण ४० क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात, त्यांतली २० शेवटच्या १० वर्षांतली. तरुणांना कमी पुरतात. काम सुटल्यावर ही पात्रता बहुधा पाचेक वर्षांत संपते. आजारानं काम त्या तारखेआधीच अशक्य झालं होतं, हे दाखवावं लागतं. तुमची ती तारीख कोणती, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

सुनावणीच्या दिवशी घरच्यांनी काय करायचं?

नेहमीची औषधं नेहमीच्या वेळी घेऊ द्या. काठी, पट्टा, जे रोज वापरता ते तसंच, जे वापरत नाही ते मुद्दाम नेऊ नका. स्वच्छ साधे कपडे. अर्धा तास आधी पोचा. व्हिडिओ असेल तर आदल्या दिवशी जोडून बघा आणि घरात शांतता ठेवा. मुळीच जाता येणार नसेल तर आधी कळवा, कारण न सांगता गैरहजर राहिलात तर सुनावणीची मागणीच फेटाळली जाऊ शकते.

घरातल्या कुणाला साक्षीदार म्हणून बोलायचं असेल तर आधी तसं कळवा. मी दिरांसाठी पाच मिनिटं बोलले. ते किती कष्टाळू होते वगैरे सांगायचं मनात होतं, वकिलांनी ते थांबवलं. मी फक्त पाहिलेलं सांगितलं: पायमोजे भाऊजींना जाऊबाई घालतात, रात्री दोनला दिवाणखान्यात फेऱ्यांचा आवाज येतो, भाचीच्या बारशात ते पूर्णवेळ गाडीत सीट मागे पाडून पडून होते.

निकाल कधी आणि विरोधात गेला तर?

क्वचित तिथल्या तिथे सांगतात, बहुधा पत्र येतं, आणि त्याला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. निकाल पूर्ण बाजूनं, अंशतः बाजूनं किंवा विरोधात असू शकतो. अंशतः म्हणजे बहुधा तुम्ही सांगितलेल्या तारखेनंतरची तारीख धरलेली असते. बाजूनं लागला तर कामावर आधारलेल्या योजनेत पहिले पाच पूर्ण महिने वगळून पैसे मिळतात आणि लाभ सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा.

विरोधात गेला तर पुन्हा ६० दिवस, या वेळी अपील्स कौन्सिलकडे (सोशल सिक्युरिटीच्याच अपील मंडळाकडे), आणि तिथेही नाही झालं तर फेडरल कोर्टात. निकालपत्र लांबलचक असतं. ते पूर्ण वाचा, आणि न्यायाधीशांनी तुमचं कुठलं वाक्य धरलं, कुठला रिपोर्ट सोडला, त्यावर पेन्सिलनं खुणा करा. वकिलाला फोन कराल तेव्हा ते खुणा केलेलं पत्रच समोर ठेवा आणि पाकिटावरची तारीख दिसेल असं पाकीटही जपून ठेवा.